पिरॅमिडच्या अलीकडचा इजिप्त

दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे उतरणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर तीन परक्या देशांच्या संस्कृतीची घरे आहेत: जर्मनांचे मॅक्समुल्लर भवन, इंग्रजांची ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर. या तिन्ही देशांकडे इजिप्तचा मौल्यवान ठेवा आहे. नेफरतितीचा रंगीत अर्धपुतळा बर्लिनमध्ये आहे, रोझेटाची शिळा लंडनमध्ये, आणि देंदूरचे अख्खे देऊळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. यातले शेवटचे लुटीचे नव्हे. अस्वानच्या धरणात बुडणारी स्मारके वाचवायला अमेरिकेने मदत केली, म्हणून इजिप्तने १९६५ साली ते भेट दिले. बाकीच्या दोन वस्तूंचा हिशेब अजून मिटलेला नाही. खुद्द इजिप्तचे मात्र या रस्त्यावर काहीच नाही. त्याचा दूतावास दूर चाणक्यपुरीत आहे.

याच रस्त्यावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही उभे आहे. कामानिमित्त दिल्लीला येणारा मराठी माणूस इथे उतरतो आणि सकाळी फाटकाबाहेर पडला की याच रस्त्याने चालतो. हा रस्ता पूर्वी कर्झन रोड होता. आजचे नाव घ्या किंवा जुने, दोन्ही नावे शेवटी नाइलच्या काठाशी नेतात. ते कसे, हे सांगता सांगता या पुस्तकाचे प्रयोजनही सांगून होईल.

मराठी वाचकाला इजिप्तची ओढ नाही, असे कोण म्हणेल? मीना प्रभूंचे 'इजिप्तायन' कितीतरी घरांच्या कपाटात आहे. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांनी विकत आणलेली ममी आहे आणि तिथल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ती भीतभीत पाहिली आहे. २०१२ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचे ममीविषयीचे प्रदर्शन भरले. पण ही सगळी ओढ मेलेल्या इजिप्तची आहे. फॅरो, पिरॅमिड, ममी आणि शेवटी क्लिओपात्रा, एवढ्यावर आपला इजिप्त संपतो. तिच्या मृत्यूनंतरची दोन हजार वर्षे आपल्या लेखी रिकामी आहेत. कुणी महाराष्ट्र म्हणजे अजिंठा-वेरूळ एवढेच ओळखावे आणि ज्ञानेश्वरांपासून पुढचे काहीच वाचू नये, तसे हे झाले. गंमत अशी की आपला आणि इजिप्तचा खरा संबंध आला तो याच रिकाम्या समजलेल्या काळात.

म्हणून या पुस्तकात फॅरोंना जागा कमी दिली आहे. ज्यांना राजांच्या याद्या हव्यात त्यांना त्या कुठेही मिळतील. प्राचीन भागात मी राजांपेक्षा मेरेर नावाच्या मुकादमाला मोठा मानले आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या टोळीसह तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीतून गिझाला वाहून नेत असे आणि रोजची नोंद लिहून ठेवत असे. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे २०१३ साली त्याचे पपायरस सापडले. खूफूच्या पिरॅमिडबद्दल परग्रहवासीयांपासून ते चाबकाखालच्या गुलामांपर्यंत जे काही सांगितले जाते, त्या सगळ्याला ही रोजनिशी पुरेसे उत्तर आहे: कुठला दगड, कुठला मुक्काम, किती खेपा. त्याच्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे धान्य थकले. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप. तो पपायरस आज इटलीत तुरिनला आहे. गिरणगावाच्या आठवणी असलेल्या वाचकाला यावर जास्त काही सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात आणि लेखकाचे नाव कुणालाच माहीत नाही. तो काही पंडित नव्हता. कुठे काय विकले जाते, काय मिळते आणि कुठे जहाज फसते, एवढेच त्याला सांगायचे होते. त्याने लिहिले आहे की बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांवर लादून येत, तगरहून कापड. सोपारा आणि कल्याणही त्याच्या यादीत आहेत. कल्याणबद्दल त्याने एक तक्रार नोंदवली आहे: तिथली सत्ता बदलल्यापासून चुकून त्या बंदरात शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. दोन सत्तांच्या भांडणात धंदा कसा सापडतो, हे कोकण किनाऱ्याने पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते.

हा झाला इजिप्तकडून दिसलेला महाराष्ट्र. उलट दिशेचा पुरावा तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदरात मिळाला. टॉलेमी राजांनी वसवलेले हे गाव पुढे वाळूत गेले. तिथल्या उत्खननात देवळाच्या आवारात भारतीय रांजणात ठेवलेले साडेसात किलो काळे मिरे सापडले. भारतातले सागवान सापडले. जहाजे मोडल्यावर त्यांचे लाकूड घरांना वापरले जात असे. २०२२ साली इसिस देवीच्या मंदिरात संगमरवरी बुद्धमूर्ती निघाली. तिथेच तिसऱ्या शतकातला, रोमन बादशहा फिलिपच्या काळातला संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणी मिळाली. इसिसच्या दारात बुद्ध आणि त्याच्या जवळपास सातवाहनांचे नाणे! आपल्या पाठ्यपुस्तकांत सातवाहन हा नाणेघाट आणि कार्ल्यापुरता विषय असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत; त्यातला एखादा यवन त्याच जलमार्गाने आला असेल, असे मानायला हरकत नाही. घाट उतरून समुद्र ओलांडणाऱ्या त्या मालाचा माग पुस्तकाच्या दुसऱ्या भागात काढला आहे, आणि खरे सांगायचे तर तो भाग लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला.

पण सातवाहनांच्या नाण्यापेक्षा जवळचा, आजही जिवंत असलेला धागा दुसराच आहे. इसवीसन ९६९ मध्ये फातिमी खलिफांच्या सेनापतीने इजिप्त जिंकून कैरो वसवले. हे खलिफा इस्माइली शिया होते. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी अल-अझहर मशीद उभी केली, जी आज सुन्नी जगातले सर्वांत मोठे विद्यापीठ आहे. इतिहासाला असल्या उलथापालथी आवडतात. १०९४ साली खलिफा मुस्तनसिर वारला आणि गादीवर थोरला मुलगा निझार बसणार की धाकटा मुस्ताली, यावरून भांडण पेटले. धाकटा बसला, थोरला मारला गेला आणि संप्रदाय दुभंगला. निझारच्या अनुयायांची परंपरा इराणमार्गे सिंध-गुजरातच्या खोजांपर्यंत आली. मुस्तालीच्या वंशाला मानणाऱ्यांची परंपरा येमेनमार्गे गुजरातच्या बोहऱ्यांपर्यंत आली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या दोन्ही परंपरांचे धर्मप्रमुख मुंबईत राहिले. म्हणजे कैरोच्या राजवाड्यात भावाभावांत पडलेली फूट आठ-नऊशे वर्षांनी माझगाव आणि भेंडीबाजार इथे शेजारी नांदू लागली. १८६६ साली खोजांचा एक खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा न्यायमूर्ती अर्नोल्ड यांना निकाल देण्यासाठी फातिमी इतिहासच उकलावा लागला. निकाल खोजांचे धर्मप्रमुख आगाखान यांच्या बाजूने लागला. कैरोच्या गादीचा वाद मुंबईच्या कोर्टात, इंग्रज न्यायाधीशापुढे: याहून मुंबईकर गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

बोहरा समाजाने कैरोचे ऋण उघडपणे फेडले. तिथली अल-हाकिम मशीद फातिमींनंतर तुरुंग झाली, तबेला झाली, नेपोलियनच्या फौजेची छावणी झाली. बोहऱ्यांचे मुंबईतले धर्मप्रमुख सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि १९८० साली ती पुन्हा नमाजासाठी उघडली. संगमरवर फार झाला, जुनेपण पुसले गेले, अशी टीका तज्ज्ञांनी केली, आणि ती अगदीच चुकीची नाही. तरीही ओसाड अवशेष आणि नांदती वास्तू यांत निवड करायची असेल तर मी नांदत्या वास्तूच्या बाजूचा आहे. २०२३च्या जूनमध्ये भारताचे पंतप्रधान कैरोला गेले तेव्हा या मशिदीतही गेले.

खोजांच्या बाजूची कथा पुण्यातून जाते. येरवड्याचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो'च्या हाकेनंतर गांधीजींना तिथे स्थानबद्ध केले. कस्तुरबाही तिथेच होत्या. आठवड्याभरातच गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथेच देह ठेवला. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. वाड्याचे मालक तिसरे आगाखान १९५७ साली युरोपात वारले, पण त्यांनी आपल्या शेवटच्या विश्रांतीसाठी जागा निवडली ती इजिप्तमध्ये अस्वानला, नाइलच्या पश्चिम काठावरच्या टेकडीवर. ज्या देशावर पूर्वजांनी खिलाफत चालवली तिथेच त्यांना जायचे होते. त्यांची कबर फातिमी घाटाची, गुलाबी दगडाची आहे. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी पुण्याचा वाडा भारताला देऊन टाकला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचेही दफन अस्वानलाच झाले. नाइलवरच्या बोटीतून तिसऱ्या आगाखानांची कबर मराठी पर्यटकांना दरवर्षी दिसते. बरोबरचे वाटाडे त्यांच्या बेगमसाहेबांनी रोज वाहिलेल्या लाल गुलाबाची गोष्ट रंगवून सांगतात. पुण्याचे नाव घेत नाहीत, आणि त्यांना ते ठाऊक असण्याचे कारणही नाही. ते आपल्याला ठाऊक असायला हवे होते.

ही झाली कस्तुरबांच्या नावाची वाट; आता रस्त्याचे जुने नाव. लॉर्ड कर्झन म्हटले की आपल्याला बंगालची फाळणी आठवते. ताजमहालात मुमताजच्या कबरीवर टांगलेला पितळी दिवा कर्झननेच दिलेला आहे आणि तो कैरोत, तिथल्या एका सुलतानाच्या मशिदीतल्या दिव्याबरहुकूम घडवलेला आहे. कारागिरीची कदर असलेला हा माणूस राजकारणात मात्र इजिप्तच्या वाटेत आडवा पडला. १८८२ पासून इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि त्याचे एक मोठे कारण भारत होते. १८६९ मध्ये खुला झालेला सुवेझ कालवा ही मुंबईची वाट होती आणि ती वाट इंग्रजांना कुणाच्या हाती द्यायची नव्हती. मार्च १९१९ मध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या साद झगलूल यांना पकडून माल्टाला धाडले तेव्हा लंडनमध्ये परराष्ट्र खात्याचा कारभार कर्झन पाहत होता. इजिप्त पेटला. रेल्वेचे रूळ उखडले गेले, बुरख्यातल्या बायका मोर्चे काढून रस्त्यावर आल्या, चंद्रकोर आणि क्रूस एकाच निशाणावर फडकले. त्याच वसंतात अमृतसरला जालियनवाला बाग झाली. १९२१ साली कर्झनशी झालेली बोलणी फिसकटली आणि २८ फेब्रुवारी १९२२ रोजी इंग्रजांनी एकतर्फीच इजिप्तला स्वतंत्र घोषित केले; कालवा, संरक्षण, परदेशीयांचे हितसंबंध आणि सुदान ही कलमे मात्र स्वतःकडे ठेवली. असले स्वातंत्र्य कसे असते, हे आपल्या संस्थानिकांना विचारावे!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तुतनखामेनचे थडगे सापडले. सोन्याच्या मुखवट्याची कथा सर्वांना पाठ आहे, तिच्या पोटातले राजकारण कमी जणांना. नव्या इजिप्त सरकारने बजावले की यातले काही बाहेर जाणार नाही, आणि उत्खननकर्ता कार्टरशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. तोवर फॅरो हा युरोपीय विद्वानांचा विषय होता; आता तो इजिप्शियन माणसाचा पूर्वज झाला. १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर महमूद मुख्तारचे 'इजिप्तची जागृती' हे शिल्प उभे राहिले. त्यात उठू पाहणारा स्फिंक्स आहे आणि शेजारी चेहऱ्यावरचा पदर बाजूला सारणारी शेतकरी बाई. आज ते कैरो विद्यापीठाजवळ आहे. स्वतःची ओळख शोधणाऱ्या देशाने दगडात केलेले इतके नेमके विधान दुसरे क्वचितच असेल.

कस्तुरबा गांधी मार्ग जिथे संपतो तिथल्या इंडिया गेटबद्दलही एक सांगायला हवे. कमानीवरच्या लेखात पहिल्या महायुद्धातल्या रणभूमींची नावे आहेत: फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली. इजिप्तचे नाव नाही. ते 'इतरत्र' या शब्दात जमा आहे. वस्तुतः फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांचा सुवेझवरचा हल्ला परतवण्यात हिंदी पलटणी पुढे होत्या. तिथे आणि पॅलेस्टाइनच्या मोहिमेत पडलेल्या, कबर न मिळालेल्या हजारो हिंदी सैनिकांचे स्मारक कालव्याच्या तोंडाशी पोर्ट तौफिकला उभे होते. ते इजिप्त-इस्राएल युद्धांत उद्ध्वस्त झाले, आणि आता त्यांची नोंद कैरोच्या हेलिओपोलिस स्मशानभूमीत आहे. २०२३च्या प्रजासत्ताक दिनी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष पाहुणे होते आणि इजिप्तची तुकडी कर्तव्यपथावर चालली. तेव्हा या 'इतरत्र'ची आठवण कुणी काढल्याचे मला तरी दिसले नाही.

नासर-नेहरूंच्या काळावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे फक्त धरणाबद्दल लिहितो. १९६० साली सुरू झालेले अस्वानचे मोठे धरण दहा वर्षांनी पुरे झाले. वीज आली, दुष्काळाची भीती गेली. आणि हजारो वर्षे दर पावसाळ्याअखेरी गाळ आणणारा नाइलचा पूर कायमचा थांबला. अबू सिंबेलची मंदिरे कापून वर उचलली गेली, त्याचे जगभर कौतुक झाले. नूबियातली ठिकाणे बुडण्याआधी खोदायला आपल्या पुरातत्त्व खात्याची तुकडीही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली गेली होती. पण इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नूबियन माणसांना उचलून कोम ओम्बोच्या नव्या वसाहतींत बसवले गेले, त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. देवळे नदीकाठीच राहिली, माणसे नदीपासून तुटली. मुळशी आणि कोयनेच्या विस्थापितांच्या पोरानातवंडांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

मग आजचा इजिप्शियन स्वतःला कोण समजतो? लेखक ताहा हुसेन यांनी १९३८ मध्ये त्याला भूमध्य समुद्राच्या संस्कृतीचा मानले. नासरने अरब मानले, इतके की १९५८ ते १९७१ या काळात देशाच्या अधिकृत नावात इजिप्त हा शब्दच नव्हता. नजीब महफूझ यांनी सुरुवातीच्या तीन कादंबऱ्या फॅरोंच्या काळावर लिहिल्या, नंतर ते फातिमी कैरोच्या गल्लीत उतरले आणि तिथेच मोठे झाले. त्यांच्या कादंबरीत्रयीचा पहिला खंड ज्या रस्त्याच्या नावाचा आहे तो फातिमींच्या दोन राजवाड्यांमधला रस्ता. २०११ साली तहरीर चौकातल्या तरुणांनी अठरा दिवसांत राष्ट्राध्यक्ष हुस्नी मुबारक यांना खाली खेचले. दहा वर्षांनी त्याच चौकातल्या जुन्या संग्रहालयातून सरकारने राजघराण्यांतल्या बावीस ममींची सोनेरी रथांतून मिरवणूक काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाजवळ भव्य नवे संग्रहालय समारंभाने खुले झाले. फॅरो सरकारला सोयीचे असतात. ते प्रश्न विचारत नाहीत. ओळखीचे खरे उत्तर मला शेतात मिळते. तिथला मुसलमान शेतकरी पेरणी-कापणीचे महिने तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या कॉप्टिक पंचांगाने मोजत आला आहे आणि ती नावे फॅरोंच्या काळातली आहेत. ख्रिस्ती ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येणारा शम्म अन-नसीम हा वसंताचा सण दोन्ही धर्मांची माणसे मिळून साजरा करतात. नदीकाठी बसून खारवलेले मासे आणि कांद्याची पात खातात. त्या दिवशी कुणी कुणाला ओळख विचारत नाही.

आता वाचकांना एक विनंती. इजिप्तच्या सहलीच्या कार्यक्रमात गिझा, लक्झर आणि अबू सिंबेल असतातच, ते सोडू नका. पण कैरोतली एक दुपार खरेदीतून वाचवा आणि मुइझ रस्त्यावर, बाब अल-फुतूह दरवाज्यापासून अल-अझहरपर्यंत पायी चाला. अल-हाकिम मशीद त्या दरवाज्याला लागूनच आहे. आतल्या पांढऱ्या अंगणात बसलेल्या बोहरा यात्रेकरूंपैकी निदान एखादे कुटुंब मुंबईचे किंवा पुण्याचे निघेल, त्यांच्याशी बोला.